वारा आपल्या हातात नाही

क्लोरीन म्हटलं की आपल्याला नळाच्या पाण्याचा वास आठवतो. आमच्या बदलापुरात उल्हास नदीचं पाणी पिण्याजोगं होतं ते त्याच्यामुळेच. रंग, औषधं, पीव्हीसी पाइप, सगळीकडे तो लागतो. शिवाय मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा बनवला, की एक टन सोड्यामागे सुमारे ९०० किलो क्लोरीन तयार होतोच. म्हणजे 'क्लोरीन नकोच' असं म्हणून सुटका नाही.

पण ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून वायू बाहेर आला आणि आसपासच्या लोकांना श्वास घेणं कठीण झालं. तो क्लोरीन नव्हता. तरी तेव्हापासून एक प्रश्न मनात राहिला : असता तर?

सेकंड इयरला मी हाच असाइनमेंटचा विषय घेतला. कॉम्प्युटरवर वाऱ्याचा वेग बदलला, की धोक्याचं अंतर कितीतरी पटींनी बदलायचं. छिद्र केवढं, रात्र की दिवस, हेही अंदाजच. मी रिपोर्टमध्ये एकच छान आकडा लिहिला. सरांनी विचारलं, "गळती तुझ्या आकड्याला विचारून होणार आहे का?"

मग मी साधा हिशोब मांडला. मोठ्या सिलिंडरमध्ये, ज्याला टनर म्हणतात, ९०० किलो क्लोरीन असतो. त्याचा वायू होतो सुमारे ३०० घनमीटर. दहा लाख भाग हवेत १० भाग क्लोरीन म्हणजे जिवाला धोका. तेवढं पातळ व्हायला ३ कोटी घनमीटर हवा लागेल! क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड, जमिनीलगत पसरतो. १० मीटर उंचीचा सारखा थर धरला तर ३ चौरस किलोमीटर. प्रत्यक्षात थर असा सारखा नसतो, पण आवाका कळतो. सिलिंडर १०० किलोचा असेल तर हेच क्षेत्र नववा हिस्सा होतं.

इथे मला उत्तर सापडलं. वारा, छिद्र, वेळ यातलं काही आपल्या हातात नाही. साठा मात्र आहे. म्हणून अंदाज चुकला तरी नुकसान थोडं होईल अशी व्यवस्था आधी करायची. गरजेपुरताच साठा ठेवायचा, जमेल तिथे सोडियम हायपोक्लोराइट वापरायचं, गळका वायू शोषायला कॉस्टिकचं द्रावण तयार ठेवायचं. रिकामे-जुने सिलिंडर वेळेवर परत पाठवायचे. मुंबईत शिवडीला जुलै २०१० मध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सिलिंडरमधूनच क्लोरीन गळला आणि शंभराच्या आसपास लोकांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं.

यालाही किंमत आहे. सिलिंडर छोटे केले की ते जास्त वेळा बदलावे लागतात, आणि प्रत्येक जोडणीला बारीक गळतीची भीती असते. पण बारीक गळती माणूस आवरू शकतो, टनर फुटला तर आवरणं कठीण.

मित्रांनो, एक गोष्ट मात्र आजच लक्षात ठेवा. असा उग्र वास आला तर सखल जागी थांबू नका. वाऱ्याच्या दिशेला आडवे चालत उंचावर जा. गळणाऱ्या सिलिंडरवर पाणी मारू नका, त्याने आम्ल होऊन छिद्र मोठं होतं. आणि नोकरी लागल्यावर 'किती लांब जाईल?' याच्या आधी 'एवढा ठेवायलाच हवा का?' हे विचारा.