राखेतले रताळे

आईने शिदोरीत दिलेली भाजलेली रताळी वसतिगृहात प्रथम मी लपवून खाल्ली. आमच्या घरी ती उपवासाची नव्हेत, भाकरी कमी पडे त्या रात्रीची. पुढे वाचनात आले की, बटाटा हे खोड, तर रताळे हे मूळ. 100 ग्रॅम कच्च्या रताळ्यात सुमारे 86 कॅलरी व 3 ग्रॅम तंतू असतात. प्रथिने मात्र दीडच ग्रॅम, म्हणून सोबत शेंगदाणे वा ताक हवे. केशरी गराच्या जातीतून 'अ' जीवनसत्त्व भरपूर मिळते, पांढऱ्यातून नगण्य. उकडायचे तर अख्खे, सालीसकट. आई मात्र चुलीतल्या गरम राखेत पुरून ठेवते. मंद आचेवर पिष्टाची साखर होते, हे मला पुस्तकाने सांगितले. "घाई केलीस तर गोडी येत नाही," असे आई आधीपासूनच सांगत होती. परवा खोलीतल्या मित्रांनी माझ्या डब्यातली चारही रताळी संपविली.