मुकी जनावरे आणि मुलांच्या मनातील दया



वाचन : २ शमुवेल १२:१-७

दावीद राजाने उरीयाची पत्नी घेतली आणि उरीयाला लढाईत मरू दिले. आपले पाप झाकले गेले, असे त्याला वाटत होते. देवाने नाथान संदेष्ट्याला त्याच्याकडे पाठवले. नाथानाने सरळ आरोप न करता एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली. ती मेंढी त्याच्या मुलांबरोबर वाढली होती, त्याच्या घासातला घास खात होती. श्रीमंत शेजाऱ्याने पाहुण्याच्या जेवणासाठी तीच नेऊन कापली. दावीद संतापला. तेव्हा नाथान म्हणाला, तो माणूस तूच आहेस.

दावीद लहानपणी बापाची मेंढरे राखत होता. मेंढीचे दुःख त्याला चटकन कळले, आणि त्याच वाटेने उरीयावरचा अन्यायही त्याला दिसला. आपल्या मुलांच्या बाबतीतही असेच घडू शकते.

जनावराला बोलता येत नाही. वासराने चारा का टाकला, बकरी कोपऱ्यात का उभी आहे, हे मुलाला बघून ओळखावे लागते. ‘याला काय होत असेल?’ हा प्रश्न गोठ्यात विचारायची सवय झाली, की तोच प्रश्न मूल रडणाऱ्या धाकट्या भावाबद्दल, वर्गात एकट्या बसणाऱ्या मुलाबद्दल आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीबद्दल विचारू लागते.

इंग्रज विचारवंत जॉन लॉक यांनी १६९३ साली मुलांच्या शिक्षणावरील पुस्तकात हेच सांगितले. लहान जीवांना छळणारी मुले पुढे माणसांशीही कठोर वागतात, असे त्यांचे मत होते. त्यांनी एका आईचे उदाहरण दिले आहे. ती मुलींना कुत्री, पाखरे पाळू देई. पण त्यांच्या खाण्यापिण्यात हयगय झाली, तर तो मोठा दोष मानी. प्राणी नुसता हौसेसाठी नव्हे, तर जबाबदारी म्हणून मुलांच्या हाती द्यावा.

आपल्या समुद्रपूर भागात हे शिकायला दूर जावे लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, त्यांना हळद-तूप लावतात. त्या वेळी मुलांना जवळ बोलवा, जू कोठे घासते ते दाखवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात मुले लाकडी बैल सजवतात. आपल्याच जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण लाकडी बैलाला भूक लागत नाही. आता ट्रॅक्टर आले, गोठे कमी झाले. म्हणून खऱ्या जनावराशी मुलांची ओळख आपणच करून द्यायला हवी.

मुले आपले बोलणे कमी ऐकतात आणि वागणे जास्त पाहतात. आपण पोळ्याला बैल ओवाळला आणि पेरणीत त्याला आर टोचली, तर मूल काय शिकेल? मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये, असा देवाचा नियम आहे (अनुवाद २५:४). प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे ख्रिस्तसभेचा श्रद्धाग्रंथ शिकवतो (२४१८). माणसांचे दुःख दूर करण्यासाठी हवा असलेला पैसा प्राण्यांवर उधळू नये, असेही तेथेच म्हटले आहे. दया माणसापर्यंत पोहोचली पाहिजे.

घरी काय करावे?

१. एक रोजचे काम मुलाकडे सोपवा : कोंबड्यांना दाणे, बकरीला पाणी, उन्हाळ्यात पाखरांसाठी पाण्याचे भांडे.

२. मुलाने कुत्र्याला दगड मारला, तर हसू नका आणि मुलाला बडवूही नका. बडवल्याने बळवंताने दुबळ्याला मारावे, एवढेच ते शिकेल. जवळ बसवून समजवा. ते वारंवार प्राण्यांना छळत असेल, तर त्यालाच कोणी त्रास देत नाही ना, याची प्रेमाने चौकशी करा.

३. जेवणाऱ्या किंवा पिलांजवळच्या कुत्रीला हात लावू नये, हे शिकवा. कुत्रे चावले, तर जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्या.

कुटुंबात चर्चेसाठी : या आठवड्यात आपल्या घरात कोणाचे न बोललेले दुःख आपण ओळखले?

हे प्रभो, तुझा जन्म गोठ्यात झाला. मुक्या जीवांचे आणि मूकपणे सोसणाऱ्या माणसांचे दुःख ओळखणारे मन आमच्या मुलांना आणि आम्हांला दे. आमेन.