पाठ ९ : परमुलखातील चूल

प्रस्तावना

जबलपूरहून शहापुरा-दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम हे तहसिलीचे गाव लागते. या परिसरात गोंड समाजाची मोठी वस्ती आहे. कोदो आणि कुटकी ही येथील जुनी धान्ये होत. नोकरीच्या निमित्ताने कोकणातील एखादे कुटुंब येथे राहावयास आले, तर ओला नारळ, कोकम आणि ताजी समुद्रमासळी रोज मिळणार नाही, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळते. मात्र शेजारच्या घरी कोदोची ‘पेज’ शिजत असते. शब्द ओळखीचा, पदार्थही ओळखीचा. धान्य तेवढे निराळे. तेही अगदी परके नाही, कारण कोदो म्हणजे कोकणातील हरीकच.

पोटापाण्यासाठी गाव सोडणाऱ्या प्रत्येकापुढे एक प्रश्न उभा राहतो : आता घरी काय शिजवायचे? प्रांत ओलांडला तर हा प्रश्न लहान असतो. देश ओलांडला की तो मोठा होतो. कोकणातून इस्रायलमध्ये जाऊन वसलेल्या मराठी भाषक बेने इस्रायल समाजाच्या उदाहरणावरून या पाठात आपण त्याचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• स्थलांतराचा घरच्या स्वयंपाकावर होणारा परिणाम सांगता येईल;
• सामग्री, पद्धत आणि प्रसंग यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• खाद्यपदार्थांची नावे आणि मातृभाषा यांचा संबंध ओळखता येईल;
• घरातील एखादी पाककृती नेमक्या शब्दांत लिहिता येईल.

मूळ पाठ

१. कोकणातील स्वयंपाकघर

बेने इस्रायल हे महाराष्ट्रातील यहुदी. त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. ते कोकणातील खेड्यांत विखुरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी काम बंद ठेवत असल्यामुळे ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखले जाऊ लागले. रोहेकर, पेणकर, चेऊलकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडली. त्यांची घरची भाषा मराठीच होती.

त्यांचे जेवण शेजाऱ्यांसारखेच भात, मासळी आणि नारळ यांवर उभे होते. मात्र धर्मनियमांची मर्यादा त्याला होती. पर आणि खवले असलेलेच मासे त्यांना चालत. कोळंबी व खेकडे वर्ज्य. मांसाबरोबर दूध, दही वा तूप खावयाचे नाही, हाही नियम होता. येथे कोकणचा नारळ त्यांच्या उपयोगी पडला. नारळाचे दूध हे जनावराचे दूध नव्हे. म्हणून मटणाच्या रश्श्याला त्याने दाटपणा आणता येत असे आणि नियमही मोडत नसे.

काही सणांना तर त्यांनी पदार्थांवरूनच मराठी नावे दिली. नव्या धान्याच्या खिरीचा तो ‘खिरीचा सण’. शोकाच्या दिवसांत मांस वर्ज्य करून वालाचे बिरडे खावयाचे, म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. ज्या समाजाच्या सणांची नावे स्वयंपाकघरात तयार झाली, त्याच्या दृष्टीने चूल बदलणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हती.

पाठगत प्रश्न ९.१
(अ) बेने इस्रायल समाजाला ‘शनिवार तेली’ हे नाव का मिळाले?
(आ) मांसाच्या रश्श्यात नारळाचे दूध वापरणे त्यांना का सोयीचे होते?

२. नव्या देशातील पहिली वर्षे

१९४८ मध्ये इस्रायल हे राष्ट्र स्थापन झाले आणि त्यानंतर बेने इस्रायल कुटुंबे टप्प्याटप्प्याने तिकडे जाऊ लागली. ती ज्या धर्मभूमीची प्रार्थनेत आठवण करीत, तेथेच आता त्यांना संसार थाटावयाचा होता. परंतु तो काळ टंचाईचा होता. १९४९ पासून १९५९ पर्यंत त्या देशात शिधावाटप चालू होते. साखर, तेल, अंडी मोजूनमापून मिळत. तांदूळ दुर्मीळ होता. त्याला पर्याय म्हणून गव्हाच्या पिठाचे तांदळाच्या आकाराचे भाजलेले दाणे बाजारात आले. ‘पतितिम’ हे त्यांचे नाव. पण पंतप्रधान बेन-गुरियन यांच्यावरून लोक त्याला ‘बेन-गुरियनचा भात’ म्हणत. दोन्ही वेळा भात खाणाऱ्या कोकणी माणसाला तो पानात कसा वाटला असेल, याची आपण कल्पना करू शकतो.

प्रश्न केवळ चवीचा नव्हता. घर आणि काम मिळताना आपल्याला वर्णावरून दुय्यम लेखले जाते, असे अनेकांना वाटू लागले. आमच्या वाट्याला काळाच पाव येतो, अशी तक्रारही त्यांत होती. १९५१-५२ मध्ये काही कुटुंबांनी ‘आम्हांला भारतात परत पाठवा’ अशी मागणी करीत धरणे धरले. त्यांतील काही परतलीही. पुढे त्यांपैकी काहींनी पुन्हा इस्रायलची वाट धरली. ताटात काय वाढले जाते यावरून आपले समाजातील स्थान माणसाला कळते. म्हणून अन्नाची तक्रार ही पुष्कळदा मानाची तक्रार असते.

३. काय बदलले, काय टिकले?

स्वयंपाकाची तीन अंगे मानता येतील : सामग्री, पद्धत आणि प्रसंग.

सामग्री सर्वांत आधी बदलते. इस्रायलमध्ये नारळाच्या बागा नाहीत. त्यामुळे ताज्या खोबऱ्याऐवजी सुक्या खोबऱ्याचा कीस किंवा डबाबंद नारळाचे दूध वापरावे लागते. उलट खजूर त्या देशात मुबलक पिकतो. पुढे दिमोना, लोद, रामला अशा, भारतीय वस्ती असलेल्या शहरांत भारतीय वाणसामान मिळू लागले आणि पोहे, मसाले, डाळी यांची ओढाताण कमी झाली.

पद्धत त्यामानाने सावकाश बदलते. वाटण, फोडणी, आंबट-तिखटाचे प्रमाण हे हाताच्या सवयीने चालते. धान्य नवे असले तरी हात जुनाच असतो. म्हणून बदललेल्या सामग्रीतूनही ओळखीची चव उतरते.

सर्वांत चिवट असतो तो प्रसंग. याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘मलिदा’. एरवी मराठी घरात मलिदा म्हणजे गूळ-तूप घालून कुस्करलेली पोळी किंवा भाकरी. बेने इस्रायलांचा मलिदा मात्र भिजवलेल्या पोह्यांचा असतो. त्यात खोबरे, साखर किंवा गूळ आणि वेलची घालतात, वर सुका मेवा पसरतात, भोवती फळे मांडतात. लग्न, नव्या घरातील प्रवेश, आजारातून उठणे अशा वेळी एलिया प्रेषिताचे स्मरण करून फळांवर आशीर्वाद म्हणतात आणि मग तो वाटतात. कोकणात नवस फेडण्यासाठी ही मंडळी अलिबागजवळच्या खंडाळे येथे जात. इस्रायलमध्ये ती हैफा येथील एलियाच्या गुहेकडे जातात. स्थळ बदलले, पण पोह्यांचे तबक टिकले. कारण त्या पदार्थाला वर्षातील, आयुष्यातील एक निश्चित जागा होती. ज्या पदार्थाला अशी जागा नसते, तो सोयीअभावी एकेक दिवस लांबतो आणि शेवटी विसरला जातो.

पाठगत प्रश्न ९.२
(अ) ‘अन्नाची तक्रार ही पुष्कळदा मानाची तक्रार असते’ हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
(आ) मलिदा टिकून राहण्याचे कारण कोणते?

४. चूल आणि भाषा

इस्रायलमध्ये वाढलेल्या पिढीची भाषा हिब्रू झाली. तरी पदार्थाचे नाव घेताना मराठी शब्दच ओठांवर येतो, कारण ‘बिरडे’ याला दुसरा शब्दच नाही. मातृभाषेचे बोलणे आटले, तरी तिचे काही शब्द स्वयंपाकघरात आश्रयाला राहतात. मात्र आजीचा ‘चवीपुरते’, ‘अंदाजाने’, ‘पेरभर पाणी’ हा हिशेब कोणी लिहून ठेवला नाही, तर तो हात गेला की चवही जाते आणि शब्दही जातो.

कुंडमला आलेल्या कुटुंबालाही हाच धडा उपयोगी पडतो. आपला एखादा सणाचा पदार्थ नेमाने करावा, त्याची कृती लिहून ठेवावी आणि शेजारणीकडून कोदोची पेज शिकून घ्यावी. शेजारच्या अन्नाला नाक मुरडणारा माणूस त्या गावात कितीही वर्षे राहिला, तरी पाहुणाच राहतो. चूल मांडणे याचा अर्थ केवळ विस्तव पेटवणे नव्हे. त्या मुलखाशी नाते जोडणे होय.

शब्दार्थ

परमुलूख – परका प्रदेश
वर्ज्य – टाळावयाचे, निषिद्ध
पर – माशाच्या अंगावरील पंखासारखा अवयव
दुय्यम लेखणे – कमी दर्जाचे मानणे
वाणसामान – किराणा माल
चिवट – सहजी न तुटणारे
चूल मांडणे – संसार थाटणे
नाक मुरडणे – नापसंती दाखवणे

आपण काय शिकलात?

• स्थलांतरानंतर स्वयंपाकाची सामग्री लवकर बदलते, पद्धत सावकाश बदलते आणि प्रसंगाशी जोडलेला पदार्थ दीर्घकाळ टिकतो.
• पदार्थांच्या नावांतून मातृभाषा पुढील पिढीपर्यंत पोहोचते.
• आपले जपणे आणि शेजाऱ्याचे स्वीकारणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

स्वाध्याय

१. सामग्री, पद्धत आणि प्रसंग यांतील फरक आपल्या घरातील एका पदार्थाच्या आधारे आठ-दहा वाक्यांत लिहा.
२. ‘चूल मांडणे’ आणि ‘नाक मुरडणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
३. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारून एका सणाच्या पदार्थाची कृती लिहा. ‘अंदाजाने’ हा शब्द न वापरता वाटी, चमचा आणि वेळ यांचे माप द्या.
४. आपल्या गावात बाहेरून येऊन राहिलेल्या एखाद्या कुटुंबाशी बोला. त्यांनी कोणता पदार्थ सोडला, कोणता राखला आणि कोणता नव्याने शिकला, याची नोंद करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

९.१ (अ) ते तेल गाळण्याचा व्यवसाय करीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. (आ) मांसाबरोबर दुधाचे पदार्थ वर्ज्य होते; नारळाच्या दुधाला तो नियम लागू नव्हता.
९.२ (अ) पावाविषयीच्या तक्रारीमागे वर्णावरून दुय्यम लेखले जात असल्याची भावना होती. (आ) जीवनातील निश्चित मंगल प्रसंगांशी तो जोडलेला आहे.