ट्रकची नोकरी धरण्याआधी हे विचारा

ट्रकवर लागायला निघालेल्या पोरांना मी आधी एकच सांगतो. पगाराचा आकडा ऐकून लगेच हो म्हणू नका, फेरीत तुमच्या खिशातून काय जाणार ते विचारा.

फेरीच्याही आधीचा पहिला खर्च परवान्याचा. हलक्या वाहनासाठी केंद्राच्या नियमांप्रमाणे शिकाऊ परवान्याचे १५०, त्याच्या चाचणीचे ५०, गाडी चालवून दाखवायचे ३०० आणि परवान्याचे २००, असे ७०० रुपये मूळ शुल्क. कार्ड, टपाल वेगळं. एकूण वजन ७,५०० किलोच्या आतलं असेल, तर मालवाहू टेम्पोही याच परवान्यावर चालवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. जड गाडीला मात्र वय २० पूर्ण हवं, हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर जुना हवा आणि ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्रही हवं. खरा पैसा तिथे जातो. पावती घ्या, आणि स्टिअरिंगवर किती तास बसवणार ते लिहून घ्या.

शहरातल्या डिलिव्हरीत रात्री घरी येता येतं. तिथे फक्त पार्किंगचा दंड कोण भरणार ते ठरवा.

लांब पल्ल्याचं तसं नाही. लासलगावहून कांदा भरला की ताडपत्री, दोर, टोल, वाटेतलं जेवण, पोचल्यावर माल उतरवायची वाराई, सगळं सुरू होतं. मालक डिझेल अव्हरेजवर धरतो. घाटात, लोड गाडीला ते अव्हरेज मिळत नाही, आणि हिशेबाला बसलं की फरक भत्त्यातून कापला जातो. हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण चूक ड्रायव्हरची नसते. म्हणून भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं अव्हरेज वेगवेगळं ठरवून घ्या.

न्हावा शेवा बंदराला कंटेनर ओढणार असाल, तर रांगेत उभ्या दिवसाचा भत्ता विचारा. भत्ता फेरीवर असेल, तर थांबलेला दिवस फुकट जातो.

मनमाडजवळच्या पानेवाडीतून निघणाऱ्या इंधनाच्या टँकरवर बसायला धोकादायक मालाचा तीन दिवसांचा अभ्यासक्रम आणि परवान्यावर तशी नोंद लागते. त्याची फी मालक देतो का, हे पहिल्याच भेटीत बोला. माल कमी भरला तर तूट कोणाच्या नावावर, हेही तेव्हाच. आणि जे ठरलं ते गाडी सुटण्याआधी मालकाकडून व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.