दुपारी तुम्ही कुठे जेवता?

मुंबईत महाग जेवायला अक्कल लागत नाही आणि वडापाव कुठल्याही कोपऱ्यावर मिळतो. कस लागतो तो मधल्या जागी. चार माणसांना नीट टेकता येईल, पोटभर जेवता येईल आणि बिल आल्यावर नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे बघणार नाहीत, असं हॉटेल शोधताना. आम्ही सांगलीकडची माणसं. कोर्टाच्या, दवाखान्याच्या, लग्नाकार्याच्या निमित्ताने मुंबईला येणं-जाणं चालूच असतं. त्यातून गाठीला बांधलेल्या या काही गोष्टी.

1. "इथे चांगलं हॉटेल कुठाय?" असं कधी विचारू नये. समोरचा माणूस तुमच्याकडे बघतो, पाहुणे दिसतायत म्हणतो आणि पाहुण्यांना शोभेलशा मोठ्या पाटीकडे बोट दाखवतो. त्याऐवजी विचारावं, "दुपारी तुम्ही कुठे जेवता?" फोर्टात एका झेरॉक्सवाल्याला मी आधी पहिला प्रश्न विचारला होता, त्याने एसीचं हॉटेल सांगितलं. दुसरा विचारल्यावर हातातले कागद खाली ठेवून हसला. "मग त्या गल्लीत जा काका, जिना चढा. पण एकच्या आत पोचा, नंतर आमचीच गर्दी असते." त्या जिन्यावर बांगड्याच्या तिखल्याचा वास खालपासूनच येत होता. बँकेचा शिपाई, औषधाच्या दुकानातला पोरगा, इमारतीचा रखवालदार, यांना विचारावं. लॉजच्या काउंटरवर विचारू नये. तिथून बहुतेक वेळा लॉजच्याच ओळखीतलं नाव येतं.

2. हा प्रश्न लागू का पडतो, त्याला कारण आहे. या शहरातलं परवडणारं चांगलं जेवण मुळात घरापासून लांब राहणाऱ्यांच्या पोटासाठी उभं राहिलं. गिरणगावात बायकामुलं गावी ठेवून आलेले कामगार खानावळीत महिन्याने जेवायचे आणि त्या खानावळी बहुतेक घरातल्या बायकाच चालवायच्या. त्यांनाच एकत्र करून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. माटुंग्यात दक्षिणेकडून नोकरीला आलेल्यांची वस्ती झाली आणि तिथे उडुपी हॉटेलं आली. इराण्यांच्या हॉटेलांतही सकाळचा चहा-पाव घेणारी एकटी माणसं पुष्कळ. रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाला मालक एकदाच फसवू शकतो, दुसऱ्या दिवशी ते समोरच्या दारात जातं. गेटवेसमोर किंवा चौपाटीवर बसलेल्या हॉटेलवाल्याला मात्र पक्कं ठाऊक असतं, की हे कुटुंब आता वर्षभर तरी तोंड दाखवत नाही. म्हणून बघायची ठिकाणं सोडून दोन गल्ल्या आत जावं. कोर्ट, घाऊक बाजार, मोठं सरकारी इस्पितळ, स्टेशनची कमी दिमाखाची बाजू, इथे रोजचे जेवणारे असतात.

याचा नमुना बघायचा तर मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनाबाहेर रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, 1942 पासूनचं. वर चढून जायचं, आधी गल्ल्यावर पैसे देऊन कूपन घ्यायचं, मग नंबर लागेपर्यंत थांबायचं. केळीचं पान मांडलं की वाढपी एकामागून एक येतात: भाजी, कोशिंबीर, सांबार, रस्सम, पापड. तुमची बोटं पानावर काय करतायत याकडे त्यांचं बारीक लक्ष असतं. सांबार संपत आलं की बादली हजर. पानावर हात आडवा धरला नाही तर भात पडलाच म्हणून समजा. नको असेल तेव्हा वेळेवर "बास" म्हणायला शिकावं, पानात टाकणं तिथे कोणालाच आवडत नाही.

3. वार बघून निघावं. माटुंग्यातली जुनी उडुपी हॉटेलं बरीचशी सोमवारी बंद असतात. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट रविवारी ओस पडतं, कारण खाणारेच घरी. ब्रिटानियासारखं 1923 पासूनचं नावाजलेलं ठिकाणसुद्धा दुपारच्या जेवणापुरतंच. फोन करून विचारायला एक मिनिट लागतं.

4. वेळही तशीच. एक ते दोन हे ऑफिसवाल्यांचं. आपण सुट्टीवर आहोत, आपण सव्वाबाराला बसावं. तीननंतर थाळीची हॉटेलं भांडी घासायला घेतात ती सातपर्यंत. त्या मधल्या वेळात भूक लागली तर उडुप्यासारखा आधार नाही, त्याचा तवा दिवसभर तापलेला असतो.

5. मासे. इथे जरा थांबतो, कारण मुंबईला आलेल्या देशावरच्या माणसाचं बजेट कोलमडतं ते इथेच. कार्डावर पापलेट आणि सुरमईपुढे आकडा नसेल, "साइजप्रमाणे" किंवा इंग्रजीत "एपीएस" असं लिहिलेलं असेल, तर मागवण्याआधी तुकडा बघावा आणि किंमत तोंडाने ठरवून घ्यावी. यात लाजण्यासारखं काही नाही, मुंबईकर बिनदिक्कत विचारतात. दुसरं, पापलेटचा हट्ट सोडावा. मालवणी किंवा गोमंतकी पद्धतीच्या हॉटेलात बांगड्याची थाळी सुरमईच्या थाळीपेक्षा बरीच स्वस्त असते आणि आमटी बहुधा तीच. मांदेली कुरकुरीत तळून मागवावी, काट्यासकट खाता येते. ओला बोंबील चांगला असेल तर बाहेरून रव्याचं कवच आणि आत नुसतं लोणी. घासात दाताला काही लागतच नाही. आमच्याकडच्या मंडळींना पहिल्यांदा ते विचित्र वाटतं, मग दुसरी प्लेट येते.

तिसरं, तारीख. 1 जून ते 31 जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या 61 दिवसांत ताटात येणारी सुरमई बहुतेक बर्फातलीच. तेव्हा कोंबडी-वडे मागवावे, नाहीतर सुकं: जवळा, सोडे, सुके बोंबील. एरवीसुद्धा कार्ड बाजूला ठेवून "आज ताजं काय आहे?" विचारलेलं बरं. वाढणारा "सगळंच ताजं" म्हणाला तर संशय घ्यावा. "पापलेट नको, मांदेली घ्या" म्हणाला, तर त्याचं ऐकावं आणि जाताना त्याच्या हातावर काही ठेवावं.

6. आत शिरताना दरपत्रक वाचावं. पुष्कळ ठिकाणी साधा भाग आणि एसी भाग यांचे दर वेगळे असतात, स्वयंपाकघर एकच. मे महिन्यात मी एसीचे पैसे आनंदाने देतो. डिसेंबरात कशाला?

7. टेबलावर अनोळखी माणूस येऊन बसला तर कपाळाला आठ्या घालू नयेत. माटुंग्याच्या कॅफे मद्रासमध्ये, इराण्याकडे, फोर्टातल्या खानावळीत ही रीतच आहे. उलट त्याच्या बशीत काय आहे ते बघून घ्यावं, रोजचा माणूस तिथला चांगला पदार्थच मागवतो. धोबी तलावाजवळच्या कयानीत (हे 1904 पासूनचं) समोरच्या आजोबांचं बघून मी ब्रून मस्का चहात बुडवायला लागलो. तोवर त्या कडक पावाशी दातांनी झुंजत होतो.

8. फोनवरचे तारे मी बघत नाही, फोटो बघतो. गिऱ्हाइकांनी काढलेल्या फोटोंत कुठेतरी दरपत्रक सापडतं, ते अलीकडचं आहे ना हे तपासावं. आणि दारात पार्सलवाल्या पोरांच्या मोटारसायकलींची रांग लागली असेल, तर बसून जेवणाऱ्याच्या वाट्याला उशीर येतो, जेवण कितीही चांगलं असो.

9. बिल वाचावं. साध्या हॉटेलातल्या जेवणावर जीएसटी 5 टक्के. त्याखाली "सर्व्हिस चार्ज" अशी ओळ असेल, तर ती आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच सांगितलेलं आहे. शांतपणे काढायला सांगावी, बहुतेक जण काढतात. आणि पाणी मागताना "साधं" हा शब्द आधी उच्चारावा, नाहीतर बाटलीचं झाकण फिरवल्याचा आवाज होतोच.

10. म्हातारी माणसं बरोबर असतील तर वरचं निम्मं विसरावं. तेव्हा चवीच्या आधी तीन गोष्टी: जिना नको, पाठ टेकायला खुर्ची हवी आणि आत बाथरूम हवं. जुन्या, चविष्ट, स्वस्त जागांत नेमकं यातलंच काहीतरी नसतं. आई बरोबर असली की मी आधी एकटा आत जाऊन बाथरूम बघून येतो, मग तिला टॅक्सीतून उतरवतो. चार रुपये जास्त गेले तरी चालतील.

11. आणि कोणाचंच एकमत होत नसेल, तर सरळ दादर पश्चिमेला उतरावं. शाकाहारींना शिवसेना भवनाजवळ आस्वाद आहे, तिथे थालीपीठ आणि मिसळ. गोखले रस्त्यावर प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियुष. मासे खाणाऱ्यांना तिथून चालत जाण्याच्या अंतरात मालवणी थाळ्या आहेत. दोन गट करावेत, आपापलं जेवावं आणि तासाभराने शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटायचं ठरवावं. मासे खाणाऱ्यांना नेहमी उशीर होतो, हे धरून चालावं.