उंबरठ्याच्या आतली शाळा

शिक्षण म्हणजे शाळा, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की, एखादे मूल शाळेत जात नाही असे कानावर आले की आपण हळहळतो. परंतु अलीकडे पुण्या-मुंबईकडील काही सुशिक्षित कुटुंबे मुलांना विचारपूर्वक शाळेत न घालता घरीच शिकवू लागली आहेत. ही मुले पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत, किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून, दहावीच्या परीक्षेस बसतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य मानले असले, तरी न घालणाऱ्या पालकास त्यात शिक्षा सांगितलेली नाही. तेव्हा घरी राहणारी ही मुले शिकतात कशी, आणि हाताने काम करून आलेला अनुभव खरोखर शिक्षण ठरतो का, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

घरच्या शिक्षणाचा आधुनिक पुरस्कर्ता म्हणून अमेरिकन शिक्षक जॉन होल्ट याचे नाव घेतले जाते. शाळा सुधारेल ही आशा सुटल्यावर त्याने १९७७ मध्ये शाळेविना वाढणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक नियतकालिकच सुरू केले. परंतु हातांनी शिकण्याचा विचार आपल्याला परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून व मातृभाषेतून शिक्षण देण्याची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा तयार केला. हीच 'नई तालीम' होय. टकळी फिरविता फिरविता मुलाने सूत मोजावे, त्यातून गणित शिकावे. कापूस कोठून आला हे विचारता विचारता भूगोलात व इतिहासात शिरावे, अशी ती योजना होती. उद्योग हा येथे शिक्षणाचा एक तास नव्हता. सर्व विषय त्याच्याभोवती गुंफावयाचे होते.

ही पद्धत घरात कशी चालते, हे एका साध्या उदाहरणाने पाहू. आपल्याकडे धान्य मोजण्याची जुनी मापे आहेत. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली. आता मुलाच्या हाती ही मापे व ज्वारी द्यावी. मापटे म्हणजे शेराचा १/२, चिपटे म्हणजे १/४, कोळवे १/८ आणि निळवे १/१६, हे त्याला सांगावे लागत नाही. ते त्याच्या हाताला कळते. छेद मोठा झाला की अपूर्णांक लहान का होतो, हा पाचवीच्या वर्गाला छळणारा प्रश्न त्याला पडतच नाही, कारण निळवे चिपट्यापेक्षा लहान असल्याचे त्याच्या डोळ्यांसमोर असते.

दुसरे उदाहरण अंगणातले. एक सरळ काठी जमिनीत रोवावी आणि तिच्या सावलीचे टोक दर पाच-दहा मिनिटांनी खडूने किंवा खड्याने नोंदवावे. सावली सर्वांत आखूड होईल ती वेळ घड्याळात बारा असेल, असे मुलाला वाटते. पुण्यात ती वेळ वर्षभर बारा वाजून गेल्यावरच, सरासरीने साडेबाराच्या पुढेमागे येते. असे का? आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे, पुणे सुमारे ७४ अंशांवर आहे आणि एका अंशाला सूर्य ४ मिनिटे घेतो. हिशेब मूलच करील. रेखांश पाठ करणाऱ्या मुलाला ते नकाशावरील रेघा वाटतात. काठी रोवणाऱ्याला ते आपल्या अंगणातून गेलेले दिसतात.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक अनुभव शिक्षण देतोच असे नाही, हे जॉन ड्यूई याने १९३८ मध्येच बजावले होते. पुढे डेव्हिड कोल्ब याने १९८४ मध्ये या प्रक्रियेच्या चार पायऱ्या सांगितल्या : अनुभव घेणे, त्याकडे मागे वळून पाहणे, त्यातून नियम काढणे आणि तो नियम नव्या प्रसंगी लावून पाहणे. पहिल्या पायरीवरच थांबले तर ते केवळ काम होते. गुरे राखणाऱ्या मुलाला अनुभवाची वाण कधीच नव्हती. वाण होती ती त्या अनुभवाविषयी त्याला प्रश्न विचारणाऱ्या माणसाची.

हे ओळखले ते ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी. डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर १९५७ पासून त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. पाने, बिया, खडे, शंख-शिंपले हीच तेथील साधने. घर आणि रान यांना शाळेचा दर्जा देण्याचे धैर्य त्यांनी दाखविले.

हा विषय निवडण्याचे कारण आता सांगतो. माझी आई शाळेची पायरी चढलेली नाही. पाचवीत मी अपूर्णांक घोकत होतो, तेव्हा तीच आमच्या घरात मापट्या-चिपट्याने शेजारणीची उसनवारी चोख फेडत होती. भाकरीच्या पिठाची विरी गेली की पाणी किती कढत घ्यावे हे तिला ठाऊक होते. परंतु हेही ज्ञान आहे असे शाळेत मला कोणी सांगितले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही कधी वाटले नाही. आईला काही येत नाही, असेच मी बरीच वर्षे समजत होतो. या लेखासाठी मापांचा कोठा तिच्याकडून लिहून घेताना मात्र मला माझीच लाज वाटली.

म्हणून शाळा बंद कराव्यात, असा निष्कर्ष कोणी काढू नये. मुलाला घरी शिकविणे हे ज्यांच्या घरी पुस्तके, पैसा आणि सवड आहे त्यांनाच आज परवडते. आमच्यासारख्यांना महाविद्यालयापर्यंत आणले ते शाळेनेच. ती नसती तर मी आज गुरांमागे असतो आणि मला प्रश्न विचारणारे कोणी नसते. परंतु घरी शिकणाऱ्या मुलांची पद्धत ही श्रीमंतांची मिरास नव्हे. तिला लागते ती काठी, मापटे आणि प्रश्न. आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील. वर्गात शिरताना त्यांनी मुलांना एवढेच विचारावे, "तुझ्या घरी काय काय मोजतात?" त्या उत्तरापासून धडा सुरू झाला, तर उंबरठ्याच्या आतली शाळा आणि बाहेरची शाळा यांत अंतर उरणार नाही, आणि आपल्या आईला काही येत नाही असे कोणत्याही मुलाला वाटणार नाही.