पत्रा वाढला की बीटा कण कुठे जातात?

प्रश्न : प्रयोगात स्ट्रॉन्शियम-९० आणि गायगर काउंटर यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचे पत्रे एकेक करून ठेवले. मोजणी एकदम न थांबता हळूहळू का घटते?
– बी.एस्सी.ची विद्यार्थिनी

उत्तर : बीटा कण म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. तो धातूच्या अणूंमधल्या इलेक्ट्रॉनना धक्के देत जातो आणि प्रत्येक धक्क्यात थोडी ऊर्जा गमावतो. २ एमईव्हीचा कण १ मिमी ॲल्युमिनियममध्ये साधारण ०.४ एमईव्ही खर्चतो.

घट हळूहळू होण्याची कारणे दोन. एक, सगळे कण सारख्या ऊर्जेचे नसतात. ऊर्जेत अँटिन्यूट्रिनोही वाटेकरी असल्याने तुमच्या स्रोतातून, म्हणजे स्ट्रॉन्शियम आणि त्यापासून बनणाऱ्या इट्रियम-९० मधून, शून्यापासून २.२८ एमईव्हीपर्यंतचे कण निघतात. मंद कण पहिल्याच पत्र्यात अडकतात. दोन, कण हलका असल्याने कॅरमच्या सोंगटीसारखा इकडेतिकडे फेकला जातो. काही तर मागेही परततात.

सुमारे ४ मिमी जाडीनंतर बीटा संपतात. उरते ती पार्श्वभूमीची मोजणी आणि थोडे क्ष-किरण. जड केंद्रकांजवळ हे किरण जास्त निर्माण होतात. म्हणून आडोसा करताना स्रोताच्या बाजूला आधी ॲक्रिलिक ठेवा, शिसे त्यामागे.